सुई आणि कुपी

१९८७ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एक रुग्णबाई आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंवर रुसल्या. कारण ऐकून आजही हसू येतं. या खेपेला कपाळावर सुई टोचली नाही, म्हणून त्या रुसल्या होत्या. बाईंना ब्लेफरोस्पाझम होता, म्हणजे पापण्या आपोआप गच्च मिटायच्या आणि उघडता उघडायच्या नाहीत. त्यावर बोट्युलिनम (आजचं बोटॉक्स) नावाच्या विषाचा अत्यल्प डोस पापण्यांभोवतीच्या स्नायूंत टोचतात. स्नायू सैलावतात आणि रुग्णाचे तीनेक महिने सुखात जातात. भुवयांच्या मधे या वेळी पेटका नाही, तिथे उगाच कशाला टोचू, असं डॉ. जीन कॅरदर्स यांनी समजावून पाहिलं. बाईंचं म्हणणं, तिथे टोचलं की चेहऱ्यावरचा त्रासिकपणा जातो. डॉक्टरीणबाईंचे यजमान ॲलिस्टर कॅरदर्स हे त्वचारोगतज्ज्ञ. घरी ही हकिगत निघाली आणि तिच्यातून पुढे अब्जावधी डॉलरचा धंदा उभा राहिला.

सुई मागून घेणारं असं गिऱ्हाईक विरळाच. स्किन क्लिनिकच्या खुर्चीवर बसलेली कितीतरी माणसं पैसे भरून, तारीख ठरवून, मनाची तयारी करून आलेली असतात, आणि तरी सुईचं झाकण निघालं की त्यांच्या तळहातांना घाम सुटतो. आजारपणात टोचून घ्यायचं तर निदान नाइलाजाचा आधार असतो. इथे तोही नाही. हौसेने टोचून घ्यायचं आणि भ्यायचंही, हा पेच माणसाने फार पूर्वीपासून ओढवून घेतला आहे. त्याचा इतिहास चाळताना एक गोष्ट वारंवार समोर येते. लोक भ्याले सुईला. घात केला तो सुईमागच्या कुपीने. धंद्यानेही टोचणं सुसह्य करण्यात जेवढी अक्कल खर्ची घातली तेवढी कुपीत काय भरलंय हे पाहण्यात घातली नाही, निदान पहिली ऐंशी वर्षं तरी.

आपल्याकडचा सर्वांत जुना लेखी दाखला सुश्रुताचा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यावर आहे, आणि कान कशासाठी टोचायचे याची दोन कारणं तिथे स्वच्छ सांगितली आहेत : रक्षण आणि भूषण. मूल सहा-सात महिन्यांचं झालं की शुक्लपक्षातला चांगला दिवस पाहायचा. बाळाला दाईच्या मांडीवर बसवायचं आणि खेळण्यांनी त्याचं मन रमवायचं. वैद्याने डाव्या हाताने पाळी ओढून उन्हात धरायची. उजेड आरपार जातो अशी पातळ जागा नैसर्गिकच असते, तिथून उजव्या हाताने, सरळ आणि सावकाश सुई घालायची. पाळी पातळ असेल तर सुई, जाड असेल तर आरी. जागा चुकली हे कसं ओळखायचं? रक्त फार आलं आणि दुखलं फार, की चुकली. कालिका, मर्मरिका आणि लोहितिका या तीन शिरा चुकवायच्या, नाहीतर ताप येतो, सूज येते, हेही ग्रंथकार बजावतो. मग छिद्रात कापसाची वात आणि वर कच्चं तेल. दर तीन दिवसांनी वात थोडी जाड करत न्यायची.

एवढ्या बारकाव्यांत खेळण्यांचा उल्लेख सहज वाचून सोडून देण्यासारखा वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. टोचणाऱ्याचं कौशल्य एका बाजूला आणि टोचून घेणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे वळवणं दुसऱ्या बाजूला, ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही वैद्याच्या कामात मोडतात, हे सुश्रुताला ठाऊक होतं.

महाराष्ट्रात हे काम वैद्याकडून सोनाराकडे गेलं. सोनाराची रीत तर आणखी सुटसुटीत. सोन्याच्या तारेचं एक टोक घासून अणकुचीदार केलेलं असतं. त्याच तारेने पाळी टोचायची आणि तीच तार वळवून बाळी करून टाकायची. सुई तीच, दागिनाही तोच. मागून हळद आणि खोबरेल. बाळाची आई बहुधा तेवढा वेळ आतल्या खोलीत जाते. बाळाला घट्ट धरून बसायला आजी किंवा मावशी लागते, कारण तिचा हात हलत नाही. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण आपण आता भलत्याच अर्थाने वापरतो, पण तिचा मूळचा व्यवहार असा रोकडा आहे. बाळाने हालचाल करायच्या आत काम उरकणारा सराईत हात गावात त्याच्याकडेच असायचा.

गोंदणाची गोष्ट निराळी. ते बाळपणीच नव्हे, तर कळत्या वयातही व्हायचं. मुलगी बघत असायची, पळूनही जाऊ शकत असायची. गोंदणाऱ्या बाया भटक्या जमातींतल्या. जत्रेत, बाजाराच्या दिवशी किंवा दारोदार फिरत त्या यायच्या. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, वाटीत दिव्याची काजळी कसल्याशा पाल्याच्या रसात किंवा दुधात कालवलेली. मुलीचं मनगट मांडीवर दाबून धरायचं आणि गाणं सुरू करायचं. गोंदणाऱ्या बायांची अशी खास गाणी होती. नवरा, सासर, तुळस, देव असं काहीबाही त्यांत यायचं आणि गाणं संपेपर्यंत हनुवटीवरचे ठिपके किंवा मनगटावरचं वृंदावन उमटलेलं असायचं. मेल्यावर बरोबर येतं ते फक्त गोंदण, बाकी दागिने उतरवून घेतात, ही समजूत घट्ट असल्यामुळे माघार घेणाऱ्या मुलीला घरचीही साथ मिळत नसे.

सोनाराची तार आणि गोंदणारणीच्या सुया दोन्ही भरीव. त्यांच्यातून आत काही सोडायची सोय नव्हती. जे जायचं ते सुईच्या अंगाला चिकटून जायचं, आणि खरा धोका होता तो त्यातच : काजळीतली घाण, आधीच्या मुलीचं रक्त. त्याला कुणी भीत नसे. रडू यायचं ते टोकाला.

पोकळ सुई आली एकोणिसाव्या शतकात. डब्लिनच्या मीथ हॉस्पिटलमध्ये फ्रान्सिस रिंड या शल्यविशारदाने १८४४ साली चेहऱ्याच्या असह्य कळांनी हैराण झालेल्या एका बाईच्या कातडीखाली मॉर्फिन सोडलं. त्याच्या उपकरणाला दट्ट्या नव्हता, औषध आपल्या वजनाने खाली उतरायचं. दट्ट्या लावला १८५३ च्या सुमाराला, ल्योंच्या शार्ल प्रावाझने चांदीच्या पिचकारीला आणि एडिंबराच्या अलेक्झांडर वुडने काचेच्या. आता सुईमागे कुपी आली. कुपीत काय भरायचं हे भरणाऱ्याच्या मर्जीवर.

१८९९ साली व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सूनी यांनी त्यात व्हॅसलीन भरलं. क्षयामुळे वृषण काढून टाकावे लागलेल्या एका तरुणाला वरून तरी सगळं ठीक दिसावं, म्हणून त्यांनी ते पातळ करून कातडीखाली सोडलं. थंड झाल्यावर ते घट्ट झालं, आकार आला, रुग्ण खूश झाला. पुढल्याच वर्षी गेर्सूनींनी ही युक्ती छापली आणि युरोप-अमेरिकेत मेणाची लाट आली. बर्लिनमध्ये जरा कडक, जास्त तापमानाला वितळणारं पॅराफिन पसंत केलं गेलं. शिकागो, न्यूयॉर्कमधल्या सौंदर्यशल्यकांनी सुरकुत्या, खोल गेलेले गाल आणि मुख्य म्हणजे बसकी नाकं मेणाने भरायला घेतली. उपदंशाने नाकाचं हाड झिजून मधला भाग खचलेली माणसं त्या काळी रस्तोरस्ती दिसत. रोगापेक्षा त्या नाकाने होणारी बदनामी त्यांना जास्त जाळत होती.

नाक दुरुस्त करायचा उपाय जगाला माहीत नव्हता असं नाही. तो तर पुण्याकडूनच गेला होता. टिपूच्या माणसांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवून दिलं, आणि ती हकिगत चित्रासकट लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापली. युरोपातले शल्यक त्यावरून शिकले. पण त्यात कपाळ कापायचं होतं, व्रण राहणार होता. त्याच्यापुढे मेणाची सुई म्हणजे वरदानच वाटली असणार. सुईची भीती कशी घालवावी हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही, कारण सुरीची भीती घालवायला सुई आली होती. सौंदर्याच्या इंजेक्शनांची जाहिरात आजही याच एका वाक्यावर चालते : ऑपरेशन नाही, टाके नाहीत.

आणि ती सुई काही नाजूक नव्हती. मेण गरम ठेवावं लागे, नाहीतर सुईतच थिजे. ते ढकलायला अंगठ्याचा जोर पुरत नसे, म्हणून दट्ट्याला स्क्रू असलेल्या धातूच्या पिचकाऱ्या वापरत आणि स्क्रू पिळत पिळत मेण आत सोडत. नाकाच्या मुळाशी हे चाललेलं असताना खुर्चीवरच्या माणसाची काय अवस्था होत असेल ते सांगायला नको. तरी तो बसत होता. दहा मिनिटं सोसायची आणि आरशात नवं नाक बघायचं, हा सौदा त्याला परवडत होता. खरी किंमत नंतर कळायची. मेण जागेवर राहत नव्हतं. उन्हात, तापात मऊ होऊन घरंगळायचं. भोवती गाठी धरायच्या. वैद्यकात त्यांना पॅराफिनोमा म्हणू लागले. कातडी लाल-निळी पडून फुटायची. एखाद्या वेळी मेण शिरेत शिरून फुफ्फुसात जाऊन अडकायचं, कधी डोळ्याच्या धमनीत जायचं आणि माणूस खुर्चीवरच आंधळा व्हायचा. अशा नोंदी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या होत्या. धंदा तरीही बरीच वर्षं चालूच राहिला.

ग्लॅडिस डीकनची कथा याच दशकातली. ही अमेरिकन तरुणी पॅरिसच्या उमरावी दिवाणखान्यांत रूपवती म्हणून गाजत होती. चित्रकार बोल्दिनीने तिला रंगवलं. तिला खुपत होती एकच गोष्ट, नाकाच्या मुळाशी असलेला किंचितसा खोलगटपणा. ग्रीक पुतळ्यांचं नाक कपाळापासून सरळ रेषेत उतरतं, तसं तिला हवं होतं. १९०३ च्या सुमाराला, वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी, तिने तिथे मेण टोचून घेतलं. मेण सरकत सरकत खाली आलं, हनुवटीपर्यंत. १९२१ मध्ये मार्लबरोच्या ड्यूकशी लग्न करून ती ब्लेनहाइम राजवाड्याची मालकीण झाली तोवर चेहरा बिघडायला लागलाच होता. शेवटची वर्षं तिने लोकांपासून तोंड लपवत काढली आणि १९७७ साली ती वारली. सुई टोचल्याचा क्षण तिला आठवत असेल-नसेल, पण त्या कुपीतला ऐवज तिने सत्तर वर्षांवर अंगात वागवला.

सुई आणि कुपी यांची गल्लत सौंदर्याच्या बाहेरही झाली, आणि त्यातलं मोठं प्रकरण मुंबईशी जोडलेलं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या चिंचोळ्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. पाठोपाठ भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. शहरात मात्र सुईबद्दल नाही नाही त्या अफवा होत्या. तेव्हा तरुण आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर उघडपणे लस टोचून घेतली, एकदा नव्हे, तर पुन्हा पुन्हा. व्याख्यानांनी झालं नसतं ते त्या दंडाने केलं. पुढे ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली आणि त्यांतले १९ धनुर्वाताने दगावले. सगळे १९ एकाच बाटलीतले; बाटलीवर क्रमांक होता ५३-एन. लोकांच्या मनात धडकी भरली ती सुईची. चौकशी होता होता निघालं असं, की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बूच काढलं गेलं. लस बनवणारे म्हणून हाफकिन यांच्यावर आलेला ठपका पुसायला १९०७ साल उजाडावं लागलं.

टोचणं न दुखावं म्हणून झालेल्या खटपटींचा इतिहास याच्याशी समांतर चालतो, आणि तो जास्त सरस आहे हे कबूल करायला हवं. व्हिएन्नात १८८४ साली कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवलं. त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड त्याच औषधाचा अभ्यास करत होता, पण ही गोष्ट त्याच्या हातून निसटली. कोकेनने व्यसनं लावली. अमेरिकेचे थोर शल्यविशारद विल्यम हाल्स्टेड स्वतःवर प्रयोग करता करता त्यात अडकले. मग नोव्होकेन आलं. आज त्वचेच्या दवाखान्यात हमखास वापरतात ते लिडोकेन मात्र स्वीडनचं, आणि त्याचा उगम जिभेवर झाला. १९३० च्या दशकात होल्गर एर्टमान हे रसायनशास्त्रज्ञ जवाच्या रोपातल्या एका द्रव्यावर काम करत होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी तयार केलेला पदार्थ चाखून पाहिला आणि जीभ बधिर झाली. त्यांचे सहकारी निल्स ल्योफग्रेन यांनी तो धागा धरून १९४३ मध्ये लिडोकेन बनवलं. त्यांचा तरुण जोडीदार बेंग्ट लुंडक्विस्ट याने ते स्वतःला टोचून तपासलं. १९४८ पासून झायलोकेन या नावाने ते बाजारात आलं.

पण बधिर करायचं औषधही सुईनेच टोचायचं असेल तर भित्र्या माणसाला त्याचा काय उपयोग? तोडगा पुन्हा स्वीडिश कारखान्यातूनच निघाला. लिडोकेन आणि प्रिलोकेन ही दोन्ही साध्या तापमानाला घन असतात. ठरावीक प्रमाणात एकत्र केली की दोन्ही वितळून तेलकट द्रव होतो आणि तो कातडीतून आत झिरपतो. १९८० च्या दशकात त्याचं एम्ला हे मलम झालं. चेहऱ्यावर पांढरा लेप, त्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म, आणि तासभर तसंच बसून राहायचं. मुंबई-पुण्याच्या क्लिनिकांत वाट बघणाऱ्यांच्या गालांवर असे चकाकणारे पट्टे आता सर्रास दिसतात. त्या तासाचा आणखी एक उपयोग डॉक्टर बोलून दाखवत नाहीत : टोचण्याआधीच काहीतरी सुरू झालेलं असतं, आणि माणूस उठून जायचं जवळपास टळतं.

बर्फाचा खडा लावणं, शेजारी थरथरणारं छोटं यंत्र टेकवणं या युक्त्यांना रोनल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली शास्त्र पुरवलं. स्पर्श आणि कंप वाहून नेणाऱ्या जाड मज्जातंतूंची लगबग सुरू असली की मज्जारज्जूतलं दार वेदनेच्या निरोपाला अर्धवट बंद होतं, असा त्यांचा सिद्धांत. कोपर दाराला आपटलं की आपण ते चोळतो, त्याचं हेच कारण.

एका जातीच्या भीतीपुढे मात्र मलम, बर्फ, गाणी, खेळणी सगळं थिटं पडतं. इतर भीतीत छाती धडधडते, रक्तदाब चढतो. साप पाहून कुणी सहसा बेशुद्ध पडत नाही. सुईची आणि रक्ताची भीती एवढी एकच अशी, की दाब आधी चढतो आणि मग धाडकन उतरतो. डोळ्यांपुढे अंधारी, कानात गुंजन, हातपाय गार, आणि माणूस खुर्चीवरून घसरतो. ही प्रवृत्ती घराण्यात चालत येते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या नियमावलीत तिला स्वतंत्र खण मिळाला तो १९९४ मध्ये. म्हणजे एवढा काळ 'मनाला घट्ट करा', 'अंग सैल सोडा' असा सल्ला देणारे डॉक्टर या माणसांना नेमकं उलटं सांगत होते. अंग सैल सोडलं की दाब आणखी उतरतो.

उलगडा केला लार्श-यॉरान ऑस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने. त्याच्या पद्धतीत सैलावणं नाही, आवळणं आहे. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद गच्च आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद पूर्ववत व्हायचं. पूर्ण शिथिल नाही, नेहमीसारखं. हे पाच वेळा. आवळलेल्या स्नायूंमुळे रक्त पुन्हा हृदयाकडे, मेंदूकडे ढकललं जातं आणि चक्कर यायची टळते. ऑस्ट आणि स्टर्नर यांचा यावरचा लेख १९८७ साली प्रसिद्ध झाला. घरी आठवडाभर सराव करून येणाऱ्या माणसाला आधी रक्ताची चित्रं, मग प्रत्यक्ष सुई अशा पायऱ्यांनी पुढे नेता येतं. कपाळावर बोटॉक्स घेताना एक अडचण येते ती अशी, की चेहऱ्याचे स्नायू आवळून चालत नाही. म्हणून ज्यांना ठाऊक आहे ते डॉक्टर खुर्ची जवळजवळ आडवी करतात आणि मांड्या आवळायला सांगतात.

इकडे सुई सुसह्य होत होती, तिकडे कुपीत पुन्हा जुनाच खेळ चालला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये कारखान्यातलं द्रवरूप सिलिकोन स्त्रियांच्या छातीत टोचलं जाऊ लागलं. तिथून ते अमेरिकेत आलं. १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉन्डर क्लबातली नर्तकी कॅरोल डोडा त्याच्या जोरावर देशभर प्रसिद्ध झाली. तिने चाळीसहून अधिक टोचण्या घेतल्याचं वर्तमानपत्रं छापत. तिच्यामागून गेलेल्या कित्येकींच्या वाट्याला मेणवाल्यांचेच भोग आले : गाठी, सरकलेलं सिलिकोन, काढून टाकावे लागलेले स्तन. शरीराला आकार देण्यासाठी द्रवरूप सिलिकोन टोचायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर मान्यता दिलेली नाही.

मान्यता घेऊन आलेली पहिली भरणी (फिलर) म्हणजे १९८१ चं झायडर्म, गाईच्या कातड्यातून काढलेलं कोलॅजेन. त्याच्या कुपीतच ०.३ टक्के लिडोकेन मिसळलेलं होतं. त्याहून मोठी सुधारणा अशी, की आधी कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर टोचून चार आठवडे थांबायचं आणि लाल चट्टा उठला तर बेत रद्द. टोचण्यापूर्वी कुपीवर संशय घेण्याची पद्धत सौंदर्याच्या धंद्यात अशी पहिल्यांदा रुळली.

बोटॉक्सच्या बाबतीत मात्र संशय पहिल्या दिवसापासून होता, आणि तो भलत्या जागी होता असंही नाही. बिघडलेल्या सॉसेजांतून माणसं मारणाऱ्या या विषाचा अभ्यास व्युर्टेम्बर्गच्या युस्टिनुस केर्नर या कवी-डॉक्टरने १८२० च्या सुमाराला केला होता, थोडं स्वतः चाखून. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांनी १९७० च्या दशकात ते माकडांवर आणि मग तिरळ्या डोळ्यांच्या रुग्णांवर अतिशय मोजून वापरलं. १९८० मध्ये निष्कर्ष छापले आणि १९८९ मध्ये डोळ्यांच्या विकारांसाठी परवानगी मिळाली. कॅरदर्स दांपत्याला सुरकुत्यांसाठी माणसं मिळेनात ती यामुळेच. विष कोण टोचून घेणार? शेवटी त्यांच्याच दवाखान्यातली स्वागतिका खुर्चीवर बसली. जीन कॅरदर्स यांनी स्वतःच्या कपाळावरही टोचून घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं घाबरलेल्या रुग्णाला त्या आपलं कपाळ दाखवत राहिल्या. आगाखानांचा दंड आणि हे कपाळ, दोन्ही एकाच कामाला आले. १९९२ मध्ये अठरा रुग्णांचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, २००२ च्या एप्रिलमध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली : पाच जागा, प्रत्येकी चार युनिट, तीस गेजची सुई.

मेण निरुपद्रवी समजलं गेलं म्हणून कुणी मोजलं नाही. बोट्युलिनम जीवघेणं म्हणून माहीत होतं, त्यामुळे त्याचा कण न् कण मोजला गेला. म्हणून या सगळ्या इतिहासात नीट पारखून आलेली कुपी म्हणायची तर ती विषाची. तिचं मोजमाप सोडलं की काय होतं ते फ्लोरिडात २००४ साली दिसलं. एका डॉक्टरने प्रयोगशाळेसाठी विकलं जाणारं कच्चं विष स्वतःसकट चौघांना टोचलं आणि चौघेही लकवा भरून कृत्रिम श्वासावर गेले. त्या दिवशीही सुई बारीकच असणार.

सुईच्या बारीकपणाचं आज गिऱ्हाइकाला फार अप्रूप. गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. रक्त काढायची २१ गेजची सुई ०.८ मिलिमीटर जाड, बोटॉक्सची ३० गेजची ०.३ मिलिमीटर, ३२ गेजची त्याहून कमी. काचेच्या सिरिंज आणि उकळून उकळून बोथट झालेल्या सुया ज्यांनी दंडावर सोसल्या त्या पिढीला ही सुई लागलेलीही कळत नाही. मात्र फिलर भरताना हाच बारीकपणा आडवा येतो. आजचे फिलर बहुतांशी हायल्युरॉनिक आम्लाचे. बिघडलं तर हायल्युरोनिडेज टोचून ते विरघळवता येतात, आणि ही सोय मेणाला किंवा सिलिकोनला कधीच नव्हती. पण तो जेल धमनीत शिरला तर कातडी काळी पडते, क्वचित डोळा जातो, अगदी शंभर वर्षांपूर्वी मेणाने जायचा तसाच. बारीक, धारदार सुई धमनीची भिंत अलगद भेदून आत जाते. त्यावर उपाय म्हणून कॅन्युला आली : बोथट टोकाची, लवचिक, भोक टोकाला नव्हे तर बाजूला, आणि लांबी चार-पाच सेंटिमीटर. सुईने एकच छिद्र पाडायचं आणि त्यातून ही नळी कातडीखालून गालभर फिरवायची. २०२१ मध्ये अमेरिकन त्वचातज्ज्ञांच्या अनुभवावरून आकडे प्रसिद्ध झाले. सुईने भरलेल्या दर ६,४१० सिरिंजांमागे एकदा रक्तवाहिनी तुंबली होती, कॅन्युलाने ४०,८८२ सिरिंजांमागे एकदा.

ट्रेमध्ये या दोन्ही शेजारी ठेवल्या तर खुर्चीवरच्या माणसाची नजर जाते ती लांबलचक कॅन्युलाकडे, आणि 'डॉक्टर, ती नको, ती छोटी सुई वापरा ना' असं तो हमखास म्हणतो.